सही करायची, पण कोणत्या कागदावर?

पत्र : मी निवृत्त शिक्षिका, वय ६४. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सासऱ्यांच्या वेळचं घर आहे. शेजारचं घर चुलत दिरांचं. त्यांनी ते बिल्डरला दिलं. तिथे सात मजले आणि ५६ फ्लॅट होणार हे आम्हाला कळलं ते सळया उतरायला लागल्यावर. आमच्या आळीचा रस्ता जेमतेम सहा मीटर. नगरपरिषदेत गेले तर आधी 'साहेब मीटिंगला आहेत', मग 'फाइल वर गेली आहे' आणि शेवटी 'बिल्डरचे कागद असे कुणालाही दाखवता येत नाहीत'. भाऊजींशी बोलणं बंद झालंय, यंदा गणपतीलाही ते आमच्याकडे आले नाहीत. आता आळीने निवेदन तयार केलंय. त्यात लिहिलंय, 'कोण कुठले लोक येऊन राहतील, आळीचं वातावरण बिघडेल, परवानगी ताबडतोब रद्द करावी.' पहिली सही माझीच हवी असा आग्रह आहे, कारण अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. मुलगी डोंबिवलीला चौदाव्या मजल्यावर राहते, ती फोनवर म्हणते, 'आई, तू यात पडू नकोस.' सही करू का?

उत्तर :

बाई,

सही करा, पण हे निवेदन आहे तसंच राहणार असेल तर करू नका.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली, शेजारी नको तेवढी मोठी इमारत येते आहे. दुसरी, सळया उतरेपर्यंत कुणी काही कळू दिलं नाही आणि विचारायला गेलात तर कागद दाखवला नाही. निवेदनात पहिलीच तेवढी आहे, दुसरीचं नावही नाही. तुमची बाजू पक्की आहे ती मात्र दुसऱ्या तक्रारीत.

आधी ते 'कोण कुठले लोक' खोडा. तुमच्याच गावातल्या ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, एसटीचा वाहक, बदली होऊन आलेला बँकेचा कारकून, हे सगळे आज कुठे राहतात ते एकदा विचारून बघा. जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत, नाहीतर रोज तासभर प्रवास करून. लहान फ्लॅट त्यांना हवे आहेत, आणि त्यात गैर काही नाही. तुमची मुलगी चौदाव्या मजल्यावर राहते तिथेही कधीतरी एखादी आळी होती, आणि तिथल्या जुन्या लोकांनी तुमच्या लेकीसारख्यांना हेच म्हटलं असणार. वर व्यवहाराची गोष्ट अशी की असं वाक्य वाचलं की अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. 'स्थानिकांचा भावनिक विरोध' असा शेरा मारून तो कागद फाइलला लावतो.

भाऊजींचाही थोडा विचार करा. कोकणात एका घराला दहा-पंधरा हिस्सेदार असतात, निम्मे मुंबईत, एखादा परदेशात. कौलं शाकारायला पैसे कुणी पाठवत नाही आणि घराचे पंधरा तुकडे होत नाहीत. फ्लॅट मात्र वाटून घेता येतात. त्यांनी हौसेने घर मोडलं असेल असं मला वाटत नाही.

आता खरा मुद्दा, आणि तो तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलाय : सहा मीटरचा रस्ता.

डिसेंबर २०२० पासून मुंबई, एमआयडीसी, गिरिस्थान नगरपरिषदा असे काही अपवाद सोडले तर अख्ख्या महाराष्ट्राला बांधकामाची एकच नियमावली लागू आहे. कचेरीत तिला सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिच्यात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) १.१ धरलाय, म्हणजे हजार चौरस फूट जागेवर अकराशे चौरस फूट बांधकाम. त्यावर शासनाला पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय, टीडीआर म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, आणि या सगळ्यावर राहत्या इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय. लहान गावांत अचानक सात-आठ मजले दिसू लागले त्याचं एक मोठं कारण हे आहे. पण या जादा मजल्यांना अट आहे रस्त्याच्या रुंदीची. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियमही नाही आणि टीडीआरही नाही. गावठाणातल्या दाट वस्तीसाठी तक्ता वेगळा आहे, पण तिथेही रस्ता किती रुंद हे पाहतातच.

मग तुमच्या सहा मीटरच्या आळीत सात मजले बसले कसे? भूखंड मोठा असेल, नियमात बसतही असेल. पण दुसरी शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्यक्षात सहा मीटर असलेली तुमची आळी कागदावर सहा मीटर नसेल. विकास आराखड्यात तिचं रुंदीकरण दाखवलेलं असू शकतं, किंवा नगरपरिषदेने ठराव करून रस्त्याची 'नियमित रेषा', म्हणजे त्याची कागदावरची हद्द, आत सरकवलेली असू शकते. पुण्यात २०२० साली सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वाद पेटला तो यावरूनच. रस्ता कागदावर नऊ मीटर झाला की दोन्ही बाजूंच्या भूखंडांना टीडीआर वापरता येतो.

आणि वरचे तीन मीटर येणार कुठून? दोन्हीकडच्या ओट्यांतून, कुंपणांतून. म्हणजे कदाचित तुमच्या अंगणातूनही. शेजारच्या मजल्यांचा हिशेब तुमच्या दारापर्यंत येऊन पोचलेला असू शकतो आणि तुम्ही मात्र वातावरण बिघडण्याची काळजी करत बसला आहात! तुमच्या गावात असंच झालंय असं मी म्हणत नाही. शोधायचं काय, एवढंच सांगते.

ते झालं असेल तर केव्हा झालं, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, त्याआधी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. त्या काळात सभागृह नव्हतं. एक अधिकारी विषय मांडायचा, तोच मंजूर करायचा आणि तोच ठरावावर सही करायचा. विरोधी बाकावरून 'हा रस्ता कुणाच्या घरातून जातो?' असं ओरडणारं कुणी नव्हतं. त्या काळातले सगळे ठराव वाईट होते असं नाही, पण रस्ते, आरक्षणं आणि भाडेपट्टे यांचे त्या वर्षांतले ठराव प्रत्येक गावाने एकदा वाचून काढावेत असं माझं मत आहे.

'आम्हाला कुणी विचारलं नाही' हे तुमचं दुःख खरं आहे. पण एकेका इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्याला विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात नागरिकाला विचारतात ते विकास आराखडा करताना. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती मागवतात, त्यावर समितीपुढे सुनावणी होते. पुढे आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ खाली पुन्हा सूचना काढून महिनाभराची मुदत द्यावी लागते. ती सूचना राजपत्रात येते, पेपरात लग्नाच्या जाहिराती आणि निविदा यांच्यामध्ये कुठेतरी छापली जाते, आणि गाव तिच्यात चणे बांधतं. लक्ष ठेवलं तर काय होतं ते पुण्याने दाखवलंय. २०१३ साली जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर तिथे सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांचा लढा होता तोही हिरवा पट्टा बांधकामाला खुला करण्याच्या धोरणाशी, एखाददुसऱ्या इमारतीशी नव्हे. तुमच्या गावाचा आराखडा केव्हाचा आहे ते विचारून ठेवा. तो वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो, तेव्हा पुढची संधी जवळही आली असेल.

आता कागद. माहिती अधिकाराआधी एक सोपी गोष्ट करा. बांधकामाच्या जागेवर किंवा नाक्यावर बिल्डरचा जाहिरातीचा फलक लागला असेल, त्यावर चौकोनी क्यूआर कोड दिसेल. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो छापणं महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, सक्तीचं केलंय. मोबाइल धरा, किंवा शेजारच्या पोराला धरायला सांगा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असल्या तर महारेराची नोंदणी लागतेच, त्यामुळे ५६ फ्लॅटचा प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर असायलाच हवा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, जमिनीच्या हक्काचे कागद, किती फ्लॅट विकले, हे तिथे कुणालाही घरबसल्या पाहता येतं. जे कागद नगरपरिषदेतला लिपिक 'दाखवता येत नाहीत' म्हणाला, त्यातले निम्मे बिल्डरला स्वतःच जगासमोर ठेवावे लागले आहेत. आणि नोंदणीच नसेल, तर ती वेगळी आणि मोठी तक्रार आहे.

नकाशावर दोन गोष्टी बघा : समोरच्या रस्त्याची रुंदी किती लिहिली आहे, आणि एफएसआयच्या तक्त्यात प्रीमियम व टीडीआरच्या रकान्यांत आकडे आहेत की शून्य. नकाशा वाचता येत नसेल तर गावातल्या एखाद्या ओव्हरसीअरला, तोही तुमचाच विद्यार्थी निघेल, चहाला बोलवा.

उरलेले कागद नगरपरिषदेतच मिळतील. त्यासाठी सोमवार निवडा. राज्य शासनाने २०१८ साली आदेश काढलाय की जिल्हास्तरापर्यंतच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. बऱ्याच ठिकाणी तो आदेश कर्मचाऱ्यांना ठाऊकच नसतो, म्हणून त्याची छापील प्रत सोबत न्या. एकट्या जाऊ नका, पण वीसजण घेऊनही जाऊ नका. दोघं पुरे. आवाज चढवायचा नाही, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको.

सोमवारी काम झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून पाल्हाळ नको. 'परवानगी का दिली?' असं विचारू नका. 'का'ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. मजकूर साधारण असा ठेवा : 'सिटी सर्व्हे क्रमांक अमुक या मिळकतीवरील बांधकाम परवानगीच्या फाइलमधील मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, एफएसआय, प्रीमियम व टीडीआर यांचा तपशील, समोरील रस्त्याच्या रुंदीबाबत नगररचना विभागाचा अभिप्राय, तसेच सदर रस्त्याचे रुंदीकरण अथवा नियमित रेषा याबाबत झालेला ठराव व हरकती मागवणारी प्रसिद्ध सूचना यांच्या प्रती मिळाव्यात. फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मिळावी.' शेवटचं वाक्य गाळू नका. पानाला दोन रुपये देऊन प्रती मिळतात, पण फाइल हातात घेऊन चाळताना जे दिसतं ते प्रतींत येईलच असं नाही. डाव्या बाजूची टिप्पणी, कुणाचा तरी पेन्सिलने केलेला प्रश्न, खाडाखोड.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' किंवा 'व्यावसायिक गुपित' असं उत्तर आलं तर घाबरू नका. त्रयस्थाचं म्हणणं ऐकायची तरतूद आहे, त्याला नकाराधिकार दिलेला नाही. सार्वजनिक संस्थेने मंजूर केलेला नकाशा गुपित कसा, हे त्यांनी लिहून द्यावं. मग तीस दिवसांच्या आत वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील नव्वद दिवसांत करता येतं, पण तिथली रांग फार लांब आहे. तेवढ्यात इमारतीची वास्तुशांत होईल. म्हणून सगळा भर सोमवारवर आणि पहिल्या अपिलावर ठेवा.

'परवानगी रद्द करा' ही मागणी मी का टाळायला सांगते, तेही ऐका. परवानगीविरुद्ध अपील करायचा जो मार्ग कायद्याने दिलाय, तो अर्जदारासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. नगरपरिषद १९६६ च्याच कायद्याच्या कलम ५१ खाली परवानगी मागे घेऊ शकते, पण मग तोपर्यंत झालेल्या खर्चाची भरपाई अंगावर येते, त्यामुळे ती सहसा घेत नाही. ठरावच बेकायदा असेल तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात. त्यांच्याकडे जायचं तर ठरावाची प्रत हातात हवी, पुन्हा कागदच. राहता राहिलं उच्च न्यायालय. तिथे जायला पैसे आणि आयुष्य दोन्ही लागतात, आणि फ्लॅट घेणाऱ्यांनी कर्जं काढली की कोर्टालाही त्यांचा विचार करावा लागतो. रस्त्याच्या रुंदीत खरंच खोट निघाली तर वकिलाकडे जा, लगेच जा. नाही निघाली तर इमारत होणार हे धरून चला.

धरून चालल्यावर मागायचं ते असं. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर हा नेहमीचा मापदंड आहे. ५६ घरं, घरटी चार माणसं, म्हणजे २२४ जण. रोजचे तीस हजार लिटर. मे महिन्यात तुमच्या आळीला नळाला पाणी किती वेळ येतं ते तुम्हीच जाणता. हे तीस हजार लिटर कुठून येणार? जागेवर बोअर मारणार असतील तर आसपासच्या विहिरींचं काय? सांडपाणी कोणत्या गटारात जाणार, आणि पावसाळ्यात ते गटार आजच तुंबतं की नाही? सातव्या मजल्यापर्यंत पोचेल अशी शिडी गावच्या अग्निशमन गाडीला आहे का, आणि ती गाडी तुमच्या आळीत वळते का? अग्निशमनाची मंजुरी कुणी, कोणत्या अटींवर दिली? या प्रश्नांची उत्तरं परवानगीच्या फाइलमध्ये असायला हवीत. नसतील तर ती भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी लेखी मिळवायची, कारण एकदा लोक राहायला आले की हा सगळा त्रास तुमच्याइतकाच त्यांचाही होतो. आणि त्या २२४ जणांच्या बाजूनेही तुम्ही हे मागता आहात असं निवेदनात लिहिलंत तर अधिकाऱ्याला तो 'भावनिक विरोध' असा शेरा मारता येणार नाही.

नगरसेवकांचं काम इथे येतं. आता प्रभागाला निवडून आलेली माणसं आहेत. त्यांना इमारतीबद्दल भाषण करायला सांगू नका. हे पाच प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारायला सांगा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. सभा एरवी लोकांसाठी खुली असते, पीठासीन अधिकाऱ्याला काही कारणाने बंद दाराआड घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी. जाऊन मागच्या खुर्च्यांवर बसा. प्रेक्षागॅलरीत आपल्या शाळेच्या बाई बसल्या आहेत म्हटल्यावर निम्मे सभासद तरी विषयपत्रिका वाचून येतील. एरवी लोकांना बोलायला शहरात जागाच नाही. गावाला ग्रामसभा आहे, शहरांसाठीही २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात केली, पण ती भरलेली कुणी पाहिली असेल तर मला जरूर कळवा.

मुलगी म्हणते यात पडू नकोस. तिची काळजी समजते. लांबून आईचं नाव वादात नको वाटतं. पण तुमचा ओटा रस्त्यात जाणार की नाही, हे विचारणं म्हणजे वादात पडणं नव्हे. तिला फोनवरून महारेराचं पान उघडून नकाशा वाचायला सांगा. तिच्या स्वतःच्या इमारतीच्या वेळी तिने ते केलं असेलच.

भाऊजींकडे मात्र निवेदन देण्याआधी जा, सोमवारच्याही आधी. त्यांच्याकडे मंजूर नकाशाची प्रत असणार, कदाचित सगळ्यात लवकर तीच मिळेल. गणपतीचा विषय काढू नका. इमारत पाडायला आलेली नाही, रस्त्याची रुंदी बघायला आले आहे, एवढं सांगा. बिल्डरने त्यांनाही अर्धंच सांगितलं असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांना मिळणाऱ्या फ्लॅटना पाणी कुठून येणार हे त्यांनी तरी कुठे विचारलं असेल?

निवेदनाचा मजकूर पुढे देते. आळीला पटला तर पहिली सही तुमचीच असू द्या. नाही पटला तर तुम्ही एकट्याच्या नावाने द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

'आमच्या आळीतील सिटी सर्व्हे क्रमांक अमुक येथे होणाऱ्या इमारतीस आमचा सरसकट विरोध नाही. सदर परवानगीसाठी समोरील रस्त्याची रुंदी किती व कोणत्या आधारे धरली, रुंदीकरणात कोणाच्या किती जागा जाणार, आणि ५६ सदनिकांच्या पाणी, सांडपाणी, वाहनतळ व अग्निसुरक्षेची तरतूद काय, याची कागदपत्रे आम्हास दाखवावीत व नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावीत. ही माहिती मिळेपर्यंत जोत्याच्या वर बांधकामास पुढील परवानगी देऊ नये. यापुढे आमच्या प्रभागातील रस्त्यांच्या रुंदीबाबत कोणताही विषय सभेपुढे येणार असल्यास त्याची सूचना आळीत लावावी.'